लातूर-नांदेडमध्ये कॅनियन का नाही? तीन दिवसांची एक फिल्ड ट्रिप

पेट पास होऊन गाइड शोधणारे, सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर अडकलेले बरेच जण एकच वाक्य बोलतात : ‘आपल्याकडे रिसर्च करण्यासारखं काही नाही.’ भूगोल आणि भूशास्त्रवाल्यांचं तर हे ठरलेलंच. मोबाईलवर ग्रँड कॅनियनचे लाल-पिवळे कडे, आणि बसच्या खिडकीतून बघावं तर सोयाबीनचं सपाट रान. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. त्यामुळे ‘फिल्ड’ म्हटलं की डोळ्यांसमोर सह्याद्री येतो, हिमालय येतो, औसा येत नाही.

या लेखात मी तुम्हाला एक रोड ट्रिप सांगणार आहे. लातूरहून निघायचं, नांदेडला यायचं आणि किनवटच्या जंगलात संपवायची. तीन दिवस पुरतात. गाडी असली तर उत्तम, नसली तर एसटी आणि रेल्वे मिळून जमतं. फक्त प्रश्न उलटा घेऊन निघायचं. ‘इथे काय बघण्यासारखं आहे?’ असं न विचारता ‘इथे कॅनियन का नाही?’ असं विचारायचं. एखादी गोष्ट अमुक ठिकाणी नाही, हेसुद्धा निरीक्षण असतं आणि त्याला कारण असतं. त्या कारणामागे गेलात की विषय आपोआप सापडायला लागतो.

आधी कॅनियन होतो कसा ते बघू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. लोकांना वाटतं मोठी नदी असली की खोल दरी होते. मग गोदावरीने नांदेडला का नाही केली? १४६५ किलोमीटर लांबीची नदी आहे, लहान नाही. अडचण उताराची आहे. नांदेडपाशी गोदावरीचं पात्र समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे आणि तिथून समुद्र गाठायला तिला आणखी साधारण आठशे किलोमीटर जायचंय. भागाकार करा : किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा उतार मिळत नाही. अशी नदी पात्र खोल कापण्याऐवजी गाळ टाकत, वळणं घेत जाते.

कोलोरॅडो नदीचा ग्रँड कॅनियनमधला उतारसुद्धा काही डोळे फिरवणारा नाही. किलोमीटरमागे दीड मीटरच्या आसपास. पण तिथे दुसरी गोष्ट घडली : पठारच वर उचललं गेलं आणि नदी आपली पातळी धरून कापत राहिली. करवत जागेवर आणि लाकूड खालून वर सरकतंय, असं समजा. गेल्या पाच-सहा दशलक्ष वर्षांत तिने दीड किलोमीटरहून खोल कापलं. हवा कोरडी, त्यामुळे कडे ढासळून उतरते झाले नाहीत, उभेच राहिले. आणि भूशास्त्रज्ञांना फुकटात सुमारे पावणेदोन अब्ज वर्षं जुन्या खडकापर्यंतचा छेद बघायला मिळाला. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल होड्या घेऊन त्या दरीतून गेला, तो याच छेदाच्या ओढीने.

म्हणजे कॅनियनची खरी किंमत देखाव्यात नाही, छेदात आहे. जमिनीच्या पोटात काय आहे ते तो उघडं करतो. आपल्याकडे तो नाही, याचा अर्थ आपल्या पोटात काय आहे ते झाकलेलं आहे. ही गोष्ट लातूर जिल्ह्याला फार महागात पडली आहे. त्याकडे येतोच.

पहिला दिवस : खरोसा आणि किल्लारी

सकाळी लवकर निघा आणि आधी खरोसा गाठा. औसा तालुक्यातलं हे गाव लेण्यांसाठी माहीत असतं. तुम्ही मूर्ती बघा, पण भिंतीला नाक लावून दगडही बघा. हा काळा पाषाण नाही. तांबूस, भोकाभोकांचा, कोकणातल्या घरांच्या भिंतींची आठवण करून देणारा जांभा आहे. लातूरमध्ये जांभा? तर हो. बेसाल्ट उघड्यावर पडून, भिजून-वाळून दीर्घकाळ कुजला की त्यातलं बरंच काही धुऊन जातं आणि लोह-ॲल्युमिनियम उरतं, त्याचा जांभा होतो. उदगीर-बिदरच्या बाजूलाही तो माथ्यावर टोपीसारखा बसलेला आहे. आता आपल्या प्रश्नाशी जोडून बघा. जांभ्याची टोपी टिकून राहिली, म्हणजे हे पठार फार काळ फारसं कापलं गेलेलं नाही. कॅनियन न होण्याचा पुरावा लेण्याच्या भिंतीतच आहे.

खरोशाहून किल्लारीकडे जाताना वाटेत किमान दोन विहिरींत डोकवा. हा सल्ला थट्टेने देत नाही. ज्या जिल्ह्यात कॅनियन नाही तिथे विहीर हाच कॅनियन. चाळीस-पन्नास फुटांची, न बांधलेली विहीर मिळाली तर थर स्पष्ट दिसतात : वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण आणि नशीब असेल तर मध्येच गेरूचा लाल पट्टा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदा आला, निवला, त्यावर काही काळ गेला, मग पुढचा लाव्हा आला. लाल पट्टा म्हणजे बहुतेकदा त्या दोन प्रवाहांमधली विश्रांती. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. पुस्तकात हे सगळं ‘प्रवाहाची रचना’ या मथळ्याखाली असतं. विहिरीत ते हात लावून कळतं.

शेतात शिरण्याआधी विचारा, आणि नीट विचारा. ‘मामा, हिरीला पाणी कितव्या फुटाला लागलं?’ एवढ्या एका प्रश्नावर तुम्हाला जे उत्तर मिळेल ते कुठल्याही नकाशात नाही. विहीर खोदलेल्या माणसाला थर पाठ असतात. त्याचे शब्द जसेच्या तसे डायरीत उतरवा, लगेच इंग्रजी करू नका. मांजऱ्यात पाणी असतं, सलग पाषाणात नसतं, चिरा असतील तरच मिळतं, हे त्याला तुमच्याआधी कळलेलं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यामागे पाऊस आणि मांजरा धरण होतंच, पण हा कमी पाणी धरणारा खडकही होता.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली. ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जगात या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी शेकड्यावर होतात आणि बहुतेकांत फार हानी होत नाही. इथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मणामणाचा भार असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत वेगळा आहे, आठ हजारांच्या जवळपास ते दहा हजारांच्या जवळपास. (सिनॉप्सिसमध्ये हा आकडा लिहाल तेव्हा तो कुठल्या नोंदीतला ते लिहा. इंटरनेटवरून उचललेला आकडा व्हायव्हाला अंगाशी येतो.) लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवावी लागली.

संशोधनाच्या दृष्टीने धक्का वेगळाच होता. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असं शाळेपासून शिकवलं जायचं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारी भागात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. लोकांनी ते अनुभवले होते. पण खाली काय आहे ते सांगणारा छेद कुणाकडे नव्हता.

तो नंतर घेतला गेला. किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर पाडलं. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली अवघा ८ मीटर जुना गाळ, आणि मग मूळचा ग्रॅनाइटी पाया, दोन अब्ज वर्षांहून जुना. विचार करा : कोलोरॅडो नदी जे उघड्यावर दाखवते ते बघायला आपल्याला ड्रिलिंग करावं लागलं, आणि तेही हजारो माणसं गेल्यावर. पायातली जुनी कमजोर जागा बेसाल्टच्या चादरीखाली झाकलेली होती. जमिनीवर उमटलेली भेगसुद्धा छोटीच होती. आज गेलात तर ती शोधून सापडणं कठीण.

पुढे तेरणेच्या काठच्या गाळात जुन्या, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाच्या खुणा सांगणारे शोधनिबंध आले. माकणीच्या धरणाचा काही संबंध आहे का यावरही वाद झाला. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाची संहिता सुधारली तेव्हा पहिला झोन रद्दच झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. म्हणजे ‘इथे बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य एकेकाळी अधिकृत नकाशावर होतं. मला ते वाक्य चालत नाही ते यासाठी.

किल्लारीत एक पथ्य पाळा. जुन्या गावाच्या जागी सेल्फी नको. आणि ‘त्या रात्री काय झालं सांगा’ म्हणून कुणालाही सहज विचारू नका. तीस वर्षं येणारा प्रत्येक जण हेच विचारत आलाय. मुलाखती तुमच्या पद्धतीचा भाग असतील तर आधी नैतिक समितीची मान्यता, मग संमतिपत्र, मग प्रश्न. नसतील तर स्मारकापाशी शांत उभं राहा आणि पुढे निघा.

दुसरा दिवस : चादर कुठे संपते?

लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. सरळ गेलात तर दुपारच्या आत नांदेड. पण लोह्याहून वळून कंधार, मुखेड करत देगलूरकडे जा. हा दिवस मला तिन्हींत सगळ्यात आवडतो आणि तोच कुणी करत नाही.

काय बघायचं? बेसाल्टची चादर विरत विरत संपते ते. लातूरकडून येताना टेकड्या सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक लाव्हाप्रवाह. देगलूर-बिलोलीच्या बाजूला टेकड्यांचा आकारच बदलतो : गोल गोल धोंडे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे, रंग करडा-गुलाबी. हा ग्रॅनाइट. किल्लारीत ३४६ मीटर खाली लागला त्याच जातीचा पाया इथे उन्हात पडलाय. त्याच्यावरची चादर पूर्वेकडे पातळ होत गेली आणि झिजून गेली.

तुमच्यासाठी व्यायाम असा : गाडी चालू असताना नुसत्या नजरेने सीमा कुठे आली ते ठरवा. टेकडीचा आकार, मातीचा रंग, बांधावरचे दगड, जुन्या देवळाचा दगड. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन देवळं आहेत, तिथेही थांबा. प्रत्येक ठिकाणी डायरीत दोन रकाने करा : डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘त्यावरून मला काय वाटतं’. हे दोन रकाने मिसळू देऊ नका. ‘काळा, बारीक कणांचा, जड दगड’ हे डावीकडे. ‘बेसाल्ट’ हे उजवीकडे. घरी येऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जिल्हा नकाशाशी ताडून बघा. तुमची सीमा आणि नकाशाची सीमा जिथे जुळत नाही, तिथे पुन्हा जा. विषय बहुतेक वेळा त्या न जुळणाऱ्या चार किलोमीटरांत असतो.

नांदेडला मुक्काम करताना हेही लक्षात असू द्या की २००६ च्या अखेरीपासून या शहराच्या खाली लहान लहान धक्क्यांची मालिका चालली होती. लोकांना जमिनीतून आवाज ऐकू यायचे. त्यावर स्थानिक विद्यापीठ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था यांच्या लोकांनी यंत्रं बसवून काम केलं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडे साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. प्रश्न जिवंत आहे.

तिसरा दिवस : सहस्रकुंड

भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. आदिलाबादच्या रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यांनी हा दिवस सोडायचं कारण नाही. पैनगंगा इथे नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवरून वाहते आणि काळ्या कातळावरून खाली उडी घेते. खाली अरुंद, उभ्या काठांची घळ आहे. तुम्ही तीन दिवस जे शोधताय त्याचं छोटं रूप हेच.

पर्यटक पावसाळ्यात येतात, धबधबा भरलेला असतो तेव्हा. तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. पाणी उतरलं की कातळ दिसतो आणि त्यातले रांजणखळगे दिसतात. भोवऱ्यात सापडलेला गोटा गोल गोल फिरून कातळ पोखरतो, शेकडो पावसाळे, आणि रांजण तयार होतो. कुकडी नदीवर निघोजला हेच आहे. ‘सहस्रकुंड’ हे नाव ठेवणाऱ्याने आधी खळगे मोजायला घेतले असावेत, असं मला उगाच वाटतं. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, नाहीतर खळगा वाटीएवढा की हौदाएवढा ते सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. कडेच्या शेवाळावर जाऊ नका आणि वरच्या भागात पाऊस असेल तर पात्रात उतरू नका. इथे माणसं वाहून गेली आहेत.

आता खरा प्रश्न. नदी सपाट वाहता वाहता इथेच पायरी का घेते? निदान तीन उत्तरं संभवतात. एक, इथे आलेला लाव्हाप्रवाह शेजारच्यापेक्षा टणक आहे, म्हणून झिजायला वेळ लागतोय. दोन, खाली भ्रंश आहे आणि एक बाजू हलली आहे. तीन, नदीच्या खालच्या टप्प्यात कधीतरी पातळी उतरली आणि ती पायरी मागे सरकत सरकत इथवर आली.

तिन्ही उत्तरं कागदावर छान दिसतात. वेगळी कशी करायची? इथले लाव्हाप्रवाह जवळपास आडवे आहेत. कारण टणक प्रवाह असेल, तर शेजारच्या ओढ्यांनाही साधारण त्याच उंचीवर पायऱ्या दिसल्या पाहिजेत. भ्रंश असेल, तर पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर पण नकाशावर एका रेषेत येतील. आणि पायरी मागे सरकत आली असेल, तर मोठ्या ओढ्यांत ती लांबवर गेलेली आणि छोट्या ओढ्यांत मुखाजवळच अडकलेली दिसेल, कारण पाणी जास्त तिथे कापणं जास्त. बघा, एकाच धबधब्यावरून तीन वेगळी भाकितं निघाली आणि प्रत्येक तपासता येतं. याला गृहीतक म्हणतात. ‘सहस्रकुंड धबधब्याचा भौगोलिक अभ्यास’ हे गृहीतक नाही, ते नुसतं शीर्षक आहे.

घरी बसून सुरुवात करता येते. क्यूजीआयएस फुकट आहे, एसआरटीएमची उंचीची माहिती फुकट आहे, भुवनवर नकाशे आहेत. पैनगंगेची आणि आजूबाजूच्या दहा-बारा ओढ्यांची लांबी आणि उंची काढून आलेख करा. एक सावधगिरी : एसआरटीएमचा एक चौकोन ३० मीटरचा असतो आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. छोट्या ओढ्याची तीन मीटरची पायरी त्यात हरवेल, किंवा नसलेली दिसेल. म्हणून निवडक जागी लेव्हल मशीन घेऊन स्वतः मोजणं आलंच. सिव्हिलच्या मित्राला एक दिवस जेवू घाला, काम होतं.

नदीच्या या वळणात पैनगंगा अभयारण्य आहे. सागाचं जंगल, आणि माणसांपेक्षा मोठा प्रवास केलेल्या एका वाघाची वाट याच मुलखातून गेली. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला तो तरुण नर जून २०१९ मध्ये निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाचे जिल्हे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याने घेतलेली वाट शेतांतून, नाल्यांतून, नदीकाठाने होती. तुमच्यातले वन्यजीववाले असतील त्यांनी त्याचे जीपीएस बिंदू आणि भूरूपं यांचा मेळ घालून बघावा. अभयारण्यात शिरायचं असेल, आणि विशेषतः दगड, पान, माती काहीही उचलायचं असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी. तिला महिने लागतात, त्यामुळे सिनॉप्सिस जमा होताच अर्ज टाका.

वेळ उरला तर किनवट तालुक्यातच उनकेश्वर करा. गरम पाण्याचे झरे. लोक त्वचारोग बरे होतात म्हणून येतात, त्यावर मी काही बोलत नाही. पाणी गरम का, हे मात्र विचारा. ज्वालामुखीमुळे, असं उत्तर तुम्हाला दहातले आठ जण देतील. पण तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी निवला. खोल जाल तसं तापमान वाढतं, ढोबळमानाने किलोमीटरमागे २५-३० अंश. पावसाचं पाणी चिरांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या चिरेने वर येतं. म्हणजे इथेही पुन्हा खालची चीर. सोबत साधा थर्मामीटर असू द्या, लोक आंघोळ करत नसतील तेव्हा बुडवा, आणि पाण्याच्या आकड्याआधी तारीख, वेळ आणि हवेचं तापमान लिहा.